बाबांचा जर्मन आणि काकाचा चेहरा

आमच्या घरात एक जर्मन चित्रकार राहायचा. मीरा रोडच्या वन बीएचकेत जर्मन कुठून आला असं तुम्ही विचाराल, तर तो बाबांच्या तोंडात राहायचा. पेशवाई बुडाली तेव्हा हा माणूस चाळिशी ओलांडून बसला होता, म्हणजे मरून किती काळ लोटला ते तुम्हीच बघा. पण बाबा त्याच्याबद्दल असं बोलायचे, की वाटावं आत्ता खाली दूध आणायला गेलाय, येईल इतक्यात वर. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. बाबा ‘जर्मन’ म्हणायचे, आई ‘तुमचा तो जर्मन’ म्हणायची, आणि लहानपणी भांडण झालं की मी आणि दादा एकमेकांना ‘जर्मन’ म्हणून चिडवायचो.

बाबा भाईंदरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवायचं, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, फळ्यावर सुविचार लिहायचे आणि पीटीच्या सरांना सुट्टी असली की मैदानावर शिट्टी फुंकायची, ह्यात त्यांची सगळी नोकरी सरली. जर्मनच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक त्यांना फोर्टच्या फुटपाथवर मिळालं होतं. पुस्तकही जर्मन भाषेतलं. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता यायचं नाही, पण चित्रं पाठ होती. त्या माणसाची माहिती त्यांनी लायब्रऱ्या धुंडाळून जमवली. पुस्तकातली बहुतेक चित्रं उदास. धुकं, समुद्र, निष्पर्ण झाडं, पडक्या चर्चच्या भिंती. आणि माणसं बघावीत तर पाठमोरी. डोंगरावर उभा असलेला पाठमोरा, खिडकीतून बघणारी बाई पाठमोरी, समुद्राकडे बघणारे दोघं-तिघं तेही पाठमोरे. आई म्हणायची, "तोंड दाखवायला काय लाज वाटते का ह्या लोकांना?"

बाबाही तेच करायचे. रविवारी उत्तनची बस धरून आम्ही चौक नावाच्या कोळ्यांच्या गावाला जायचो. ते किनाऱ्यावर बसून चित्र काढायचे आणि मी बाजूला शेंगदाणे खात बसायची. मासे वाळत घालणाऱ्या बायका, जाळी सांधणारे बाप्ये, होडी ओढणारी पोरं, सगळ्यांच्या फक्त पाठी. एकदा एक कोळीण येऊन कागदात डोकावली आणि म्हणाली, "मास्तर, मना तोंड न्हाय काय?" बाबा हसले आणि म्हणाले, "आहे ना, पलीकडच्या बाजूला आहे." मला तेव्हा वाटायचं की हे सगळं जर्मनची नक्कल आहे. मास्तर माणूस, दुसरं काय करणार?

जर्मनची गोष्ट बाबा तिथेच सांगायचे. उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठी एक बंदराचं गाव. बाप साबण आणि मेणबत्त्या बनवणारा. आई हा लहान असतानाच गेली. मग हा तेरा-चौदा वर्षांचा असताना भावाबरोबर गोठलेल्या पाण्यावर खेळत होता आणि बर्फ फुटला. हा आत पडला. धाकट्या भावानं ह्याला वर काढलं म्हणतात, पण तो स्वतः आत गेला तो गेलाच. भाईंदरच्या मिठागरात मिठाचे पांढरे ढीग दिसले की बाबा म्हणायचे, "बघ, जर्मनचा बर्फ." ह्या जागेपर्यंत गोष्ट आली की बाबा थांबायचे. मग पुढचं सगळं भरभर उरकायचे. पन्नाशीच्या आसपास त्यानं बर्फात चिरडलेल्या जहाजाचं मोठं चित्र काढलं, ते तो जिवंत असेपर्यंत कुणी विकत घेतलं नाही. लग्न उशिरा केलं. चित्र काढायच्या खोलीत ईझल, खुर्ची आणि टेबल सोडून काही ठेवत नसे. साठीला आला तेव्हा त्याला पक्षाघात झाला आणि हातातलं बळ गेलं. तैलरंग जवळजवळ सुटले. पुढे पाचेक वर्षं तपकिरी शाईत लहान लहान चित्रं काढत जगला आणि मेला तेव्हा लोक त्याला विसरून गेले होते. हे शेवटचं बाबा अगदी मजेत सांगायचे, शेजाऱ्याच्या घरचं सांगावं तसं.

मी कॉलेजात असताना एकदा विचारलं, "बाबा, बर्फापाशी तुम्ही दर वेळी गप्प का होता?" त्यांनी सरळ सांगितलं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावाला खाडी आहे. बाबा बारा वर्षांचे, त्यांचा धाकटा भाऊ दहाचा. ओहोटीला दोघं तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला खाडीत उतरले आणि बाबा चिखलात मांड्यांपर्यंत रुतले. भरतीचं पाणी चढायला लागलं. भाऊ काठावर होता, पळून जाऊ शकला असता. तो उलटा आत आला, त्यानं बाबांना ढकलून ढकलून तिवराच्या मुळापर्यंत पोचवलं. बाबांनी मूळ धरलं आणि मागे वळून बघितलं तर पाणीच होतं. दुसऱ्या दिवशी सापडला, पण मोठ्यांनी बाबांना बघू दिलं नाही. हे सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, "बाय, मला त्याचा चेहरा काढता येत नाही. मी त्यासाठीच चित्रकला शिकलो आणि तेवढंच येत नाही."

काकाचा एकही फोटो नव्हता. गावात फोटोग्राफर यायचाच कुठे? बाबांचा स्वतःचा लहानपणचा एक आहे, सातवीच्या परीक्षेच्या वेळी तालुक्याला जाऊन काढलेला, त्यात बाबा भांग पाडून घाबरल्यासारखे बघतायत. काकाचं तेवढंही नाही.

म्हणून पितृपक्षात आमच्याकडे एक वेगळंच चालायचं. आजी-आजोबांचा म्हाळ त्यांच्या तिथीला, फोटोंना हार घालून. काकाचा चतुर्दशीला, कारण अपघातात गेलेल्यांची ती तिथी. एवढ्या लहान पोराचं काही करावं लागत नाही असं भटजींनी एकदा सांगून बघितलं होतं, पण बाबा ऐकले नाहीत. भटजींना न बोलावता घरच्या घरीच करायचे. आई वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, भोपळ्याची भाजी असं सगळं रांधायची. पान वाढायचं आणि पानापुढे नुसता रिकामा पाट, त्यावर तुळशीचं एक पान. दर वर्षी आई पुटपुटायची, "कुणाला जेवायला बोलावतोय ते दिसू तरी दे. रिकाम्या पाटाला हात जोडायचे म्हणजे काय?" बाबा पाटावरचं तुळशीचं पान सरळ करायचे.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. निवृत्त झाल्यावर तर रोज एक चेहरा काढायचे आणि फाडून टाकायचे. मला सगळे छान वाटायचे. मोठे डोळे, सरळ नाक, हसरा मुलगा. मी म्हणायची, "अहो, किती गोड आलाय." बाबा वैतागायचे. म्हणायचे, "हा परीक्षेतला मुलगा आहे. माझ्या हाताला पोरगा काढ म्हटलं की हाच काढतो. चाळीस वर्षं मी पोरांना हाच शिकवला."

मग बाबांनाही झटका आला. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला आणि पाठोपाठ तेही बेसिनखाली बसले. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आयुष्यभर तोंड चालवलेल्या माणसाकडे ‘हां’, ‘नाय’ आणि ‘हे’ एवढेच शब्द उरले. ‘नाय’ तरी बघा, मुंबईत येऊन पन्नास वर्षं ‘नाही’ म्हणत होते, झटक्यानं गावचं ‘नाय’ वर काढलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि तो आला तर हेही राहणार नाही.

घरी आणल्यावर बाबा शेल्फवरच्या त्या जाड पुस्तकाकडे बघत राहायचे. मी म्हटलं, "काय, जर्मनसारखंच झालं ना तुमचं?" थट्टा करायला गेले आणि जीभ चावली. पण बाबा हसले, अर्ध्या तोंडानं. मग डावा हात पुढे करून बोटं चिमटीत धरली. पेन्सिल मागत होते.

पहिले काही आठवडे नुसत्या रेघोट्या. मी ऑफिसातून आले की त्यांच्या मांडीवर ड्रॉइंग बोर्ड ठेवायची आणि दोन्ही हातांनी धरून बसायची, नाहीतर तो घसरायचा. हळूहळू रेघेत जोर आला. आणि एके संध्याकाळी त्यांनी एक कान काढला. कसला डोंबलाचा कान तो, वाकडातिकडा, बाहेर आलेला. मी म्हटलं, "बाबा, कान असा नसतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हां." पुन्हा बोट ठेवून, "हां, हां." त्यांचे डोळे भरून आले होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डाव्या हाताला परीक्षेतला मुलगा येत नव्हता. त्याला काहीच येत नव्हतं, म्हणून तो खोटं काढू शकत नव्हता.

त्यानंतर काका तुकड्यातुकड्यानं यायला लागला. एका कागदावर भुवया, एकमेकींपासून लांब, एक वर चढलेली. एका कागदावर वरचा ओठ, थोडा आखूड, दात झाकायला अपुरा. काढून झालं की बाबा बराच वेळ बघत बसायचे. बहुतेक वेळा ‘नाय’. क्वचित ‘हां’. ‘हां’ झालेले कागद मी क्लिपनं एकत्र लावून ठेवायची. पूर्ण चेहरा कुठल्याच कागदावर नव्हता, पण मला तो दिसायला लागला होता. माझ्याहून कितीतरी लहान असलेला माझा काका, कान बाहेर आलेला, दात दाखवणारा. डोळे तेवढे येत नव्हते. बाबा रोज डोळ्यांवर अडत होते आणि मी रोज बसमध्ये मनातल्या मनात म्हणत होते, देवा, डोळे येईपर्यंत दुसरा झटका नको.

दादा पेणकरपाड्याला राहतो. दर रविवारी फळं घेऊन येतो, बाबांची नखं कापतो, दाढी करतो. मुलगा म्हणून त्यात काही कमी नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तो वाईट वाटेल. बाबांची धडपड त्याला बघवत नसे. बाबा कागदावर ‘नाय, नाय’ करत पेन्सिल आपटायचे तेव्हा तो उठून गॅलरीत जायचा. मला म्हणायचा, "कशाला छळतेस त्यांना? त्यांना जमत नाहीये, दिसत नाही तुला?" मी म्हणायची, "जमतंय. तुला बघता येत नाही." तो म्हणायचा, "हो, सगळं तुलाच कळतं." आमचं हे लहानपणापासूनचं.

चतुर्दशीच्या दिवशी दादा सकाळी लवकर आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आईचं पान वाढून झालं होतं, मी पाट मांडला होता, बाबांना व्हीलचेअरवर बसवून समोर आणलं होतं. मी तुळशीचं पान ठेवणार तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब." त्यानं कागद सोडला आणि पाटावर फ्रेम ठेवली.

फ्रेममध्ये एक मुलगा होता. नऊ-दहा वर्षांचा, रंगीत, पांढरा शर्ट, मागे निळं आभाळ. दोन्ही कान डोक्याला नीट चिकटलेले. चापूनचोपून भांग. हसरा. मला एका क्षणात कळलं. तो सातवीतला बाबांचा फोटो होता. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत दादानं तो दिला होता, हा मोठा भाऊ, ह्याचा एक धाकटा होता, तसा करून द्या म्हणून. कॉम्प्युटरवर त्यांनी वय कमी केलं, चेहरा थोडा बदलला, घाबरलेल्या तोंडावर हसू आणलं. भावाभावांत सारखेपणा असतोच की, हा दादाचा हिशोब.

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "आले गं बाई भावोजी घरी," म्हणाली. तिनं लगेच फोटोला गंध लावलं आणि हार घातला. आजवर तिनं ज्याला नुसतं पुटपुटत जेवायला वाढलं तो तिला दिसला होता, तिला काय बोलणार? आणि बाबा. बाबा त्या फोटोकडे बघत होते. डोळे हलत नव्हते. गालावरून पाणी वाहत होतं आणि अर्धं तोंड थरथरत होतं. दादानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आई म्हणाली, "बघा, ओळखलं ह्यांनी."

मला फ्रेम उचलून पालथी घालायची होती. पण आई हात जोडून बसलेली, दादा बाबांच्या पायाशी. मी वाढलेलं पान कावळ्यासाठी घेऊन गच्चीत गेले. कावळा कुठला आलाय तिथे, टाकीवर कबुतरंच कबुतरं. पान तिथेच ठेवून खाली आले.

त्या संध्याकाळी मी बोर्ड लावला. बाबांनी पेन्सिल धरली आणि डोळे काढले. इतके दिवस अडलेले डोळे, एका झटक्यात. मग नाक, ओठ, दोन्ही कान, भांग. चेहरा पूर्ण झाला. तो फ्रेममधला मुलगा होता.

बाबांनी खोडरबर मागितलं. खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा तोच. "नाय," म्हणाले. नवा कागद. पुन्हा तोच. दुसऱ्या दिवशी तोच, तिसऱ्या दिवशी तोच. मी फ्रेम पोटमाळ्यावर टाकली, आईशी भांडून. काही उपयोग झाला नाही. मग मी ते ‘हां’ झालेले कागद काढले आणि एकेक त्यांच्यापुढे धरले. कान दाखवला. म्हटलं, "बाबा, हा बघा, ह्याला तुम्ही हां म्हणाला होता." त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं, की जणू ते मलाच विचारत होते, होता का असा? भुवया दाखवल्या, ओठ दाखवला. ते ना ‘हां’ म्हणाले, ना ‘नाय’. इतके दिवस त्यांच्या मनात कुणीतरी होतं, ज्याच्याशी ताडून ते हो-नाही सांगत होते. आता तिथे फ्रेममधला मुलगा जाऊन बसला होता.

शेवटी त्यांनी पेन्सिल बोर्डवर आडवी ठेवली आणि एक शब्द बोलले, जो झटक्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "गेला," म्हणाले.

मी दादाला फोनवर वाट्टेल ते बोलले. साठ वर्षं त्या माणसानं जिवापाड सांभाळलेलं तू एका सकाळीत पुसलंस, असं म्हणाले. तो आधी चिडला, मग रडला. म्हणाला, "मला काय माहीत? त्यांना चेहराच हवा होता ना? मी चेहरा दिला." त्याचं खोटं नव्हतं. त्यानं प्रेमानंच केलं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. वाईट हेतूनं केलं असतं तर एकदाचं तोडून तरी टाकता आलं असतं.

त्यानंतर बाबांनी चित्र काढलं नाही. पेन्सिल हातात दिली तर परत करायचे. एक दिवस त्यांनी पोटमाळ्याकडे बोट दाखवलं. मी कळत नसल्याचं सोंग केलं. ते दाखवतच राहिले, दोन दिवस, जेवताना, आंघोळीला नेताना. शेवटी आई म्हणाली, "दे गं काढून. त्यांचं त्यांना ठरवू दे." मी स्टुलावर चढून फ्रेम काढली आणि पुसून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हातानं ती भिंतीकडे नेली, आजी-आजोबांच्या शेजारच्या जागेकडे. दादानं रविवारी येऊन खिळा ठोकला.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गुजराती बेन ढोकळा घेऊन आल्या होत्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अंकल, ये नया फोटो किसका है?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी बाबा बोलले. सहा महिने येणाऱ्या स्पीच थेरपीच्या बाईंना त्यांच्याकडून दोन शब्द सलग काढून घेता आले नव्हते. ते स्वच्छ म्हणाले, "माझा भाऊ."

बेन खूश झाल्या. त्यांनी फोटोकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. म्हणाल्या, "एकदम आपके जैसा दिखता है, अंकल."

"हां," बाबा म्हणाले. खूप समाधानानं म्हणाले. त्या फोटोत आपणच आहोत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.